गॅलॅक्सी क्लस्टरला 'तारकासमूह' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की गॅलॅक्सी क्लस्टरला, म्हणजे दीर्घिकांच्या (गॅलॅक्सींच्या) मोठ्या जमावाला, मराठीत 'तारकासमूह' म्हटलं तर चालेल का आणि हे क्लस्टर ज्या कॉस्मिक फिलामेंट्सवर (विश्वभर पसरलेल्या पदार्थाच्या लांबच लांब धाग्यांवर) तयार होतात त्यांना काय म्हणायचं.

तारकासमूह अजिबात नको. तो शब्द कॉन्स्टेलेशनसाठी कधीचाच ठरलाय आणि इथे खरोखर घोळ होतो. व्हर्गो क्लस्टरचंच बघा, तो दिसतो कन्या राशीच्या दिशेला, पण कन्येतली चित्रा आपल्यापासून साधारण २५० प्रकाशवर्षांवर आणि हा क्लस्टर सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर, त्यात हजाराच्या वर दीर्घिका. शिवाय तारकासमूहातल्या ताऱ्यांचा एकमेकांशी सहसा काही संबंध नसतो, इथून शेजारी दिसतात एवढंच, क्लस्टरमधल्या दीर्घिका मात्र गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या असतात.

'दीर्घिकासमूह' बरेच जण वापरतात आणि ते चूक नाही, पण आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका ज्यात आहेत त्या लोकल ग्रुपला आपण 'स्थानिक समूह' म्हणतो, मग ग्रुप आणि क्लस्टर यांत फरक कसा करणार? म्हणून माझं मत 'दीर्घिकागुच्छ'. कृत्तिकांना तारकागुच्छ म्हणतोच की.

फिलामेंटला सरळ 'तंतू' म्हणा. पण गुच्छ 'तंतूवर' तयार होतात असं लिहिण्यापेक्षा 'तंतूंच्या गाठीवर' लिहा, कारण मोठे गुच्छ असतात तिथे अनेक तंतू येऊन मिळतात. सुरुवातीच्या विश्वात पदार्थ जवळजवळ सगळीकडे सारखा पसरलेला होता, ३ लाख ८० हजार वर्षं वयाच्या विश्वाचा जो प्रकाश आज मायक्रोवेव्हमध्ये दिसतो त्यात तापमानाचे फरक फक्त लाखात एकाच्या आसपास आहेत. जिथे थोडं जास्त वस्तुमान होतं तिथे आणखी ओढलं गेलं, आणि ही ओढ सगळ्या बाजूंनी सारखी नसते, आधी एका दिशेने दबून पापुद्र्यासारखा थर होतो (हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ झेलदोविच यांनी १९७० मध्ये मांडलं), मग दुसऱ्या दिशेने आकसून तंतू होतो, आणि तंतूंमधून डार्क मॅटर (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणावरून कळणारा पदार्थ), वायू, दीर्घिका गाठीकडे वाहत राहतात. हे अजूनही चालू आहे! गाठीत पडणारा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि एक्स-रे सोडतो. आणि गंमत म्हणजे गुच्छाच्या एकूण वस्तुमानात ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के, ८० टक्क्यांच्या वर डार्क मॅटर, उरलेला बहुतेक हा तापलेला वायू. तंतूंच्या मधल्या रिकाम्या जागेला 'पोकळी' हा शब्द आहेच.

सुपरक्लस्टरला, म्हणजे अनेक गुच्छ आणि समूह मिळून होणाऱ्या आणखी मोठ्या रचनेला, 'महागुच्छ' म्हणायला मात्र मी थोडा कचरतो. गुच्छ म्हणजे बांधलेला, आणि सुपरक्लस्टर सहसा पूर्ण बांधलेले नसतात. आपण ज्यात आहोत तो लानियाकेआ, २०१४ मध्ये ज्याची हद्द आखली गेली, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला, तो विश्वाच्या प्रसरणामुळे पुढे विखुरणार आहे. तिथे 'महासमूह' जास्त बरोबर वाटतो.