'हो' कोण म्हणणार, हे आधी विचार

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीच्या सर्व्हिस डेस्कला (वापरणाऱ्यांच्या तक्रारी नि मागण्या घेणाऱ्या टीमला) लागलास, छान. पण पहिल्याच आठवड्यात तिकिटांचा, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींचा, ढीग उपसत बसू नकोस. आधी शोध, निर्णय कोणाचा असतो?

गव्हर्नन्स आणि मॅनेजमेंटची गल्लत भलेभले करतात. कोबिट २०१९ या आयटी कारभाराच्या चौकटीत एकूण ४० उद्दिष्टं आहेत, त्यातली गव्हर्नन्सची फक्त ५. मूल्यमापन करणं, दिशा देणं, लक्ष ठेवणं हे वरच्यांचं काम. रोजचा गाडा हाकणं आपलं.

माझ्या जुन्या कंपनीत (नाव राहू दे) रंगपंचमीच्या आदल्या रात्री कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'कर दो' लिहिलं, आम्ही पॅच (सॉफ्टवेअरमधली छोटी दुरुस्ती) टाकला, बिलिंग झोपलं. पॅच मागे घ्यायची योजना तयार होती. ती वापरायचा हुकूम कोणी द्यायचा, तेवढंच ठरलं नव्हतं! राजवाड्यावर गेर (रंगपंचमीची मिरवणूक) रंगली तेव्हा आम्ही फोनच फिरवत होतो.

म्हणून एक पान लिहून घे: कोणत्या बदलाला मंजुरी कोणाची, रात्री दोनला कोणाला उठवायचं, जोखीम कोणाच्या नावावर. त्यावर वरिष्ठांची सही घे, तोंडी 'हो' चालवू नकोस. नेहमीच्या, कमी जोखमीच्या बदलांना मात्र आधीच मंजुरी मिळवून ठेव. आयटिल ४ ही आयटी सेवा चालवायची मार्गदर्शक चौकट त्यांना स्टँडर्ड चेंज म्हणतं. नाहीतर फुटकळ कामंही बैठकीची वाट बघत पडतात.

रिपोर्टचं काय? एसएलए (सेवा किती वेळात द्यायची याचे करार) सगळे हिरवे, म्हणजे पाळलेले, आणि वापरणारे मात्र वैतागलेले, हे खूपदा दिसेल. तेव्हा बिचकत का होईना, विचार: हा आकडा बघून शेवटचा निर्णय कोणी, कधी बदलला होता?