मत एका राज्यात, देणगी दुसऱ्यात

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, ग्रीन कार्ड आहे. मूळच्या बेळगावच्या श्री ठाणेदारांना काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, डेट्रॉइटमधल्या जागेच्या निवडणुकीसाठी ५०० डॉलर द्यावेत असं मनात आहे. पण मला मताचा हक्क नाही आणि राज्यही दुसरं. चालेल का? सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, माझेही शंभर घाल.
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमचे खुशाल द्या. काँग्रेसच्या निवडणुकीत दुसऱ्या राज्यातून देणगी द्यायला आडकाठी नाही आणि ग्रीन कार्डवाल्यांना मत नसलं तरी देणगी देता येते. २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीमागे ३,५०० डॉलर ही मर्यादा. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) वेगळी, मुख्य निवडणूक वेगळी. करात सूट मात्र छदामाची नाही.

सासूबाईंचे शंभर त्यांच्याच बटव्यात राहू द्या. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला इथे देणगी देता येत नाही, नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावाल्यांनाही नाही. ‘तुझ्या नावावर टाक’ म्हणतील, तर तेही नको. दुसऱ्याच्या पैशाची देणगी आपल्या नावावर दाखवणं हाही गुन्हाच.

एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की तुमचं नाव, गाव, हुद्दा, कंपनी सगळं निवडणूक आयोगाकडे जाहीर होतं. ऑफिसातला कुणीही घरबसल्या शोधू शकतो.

राज्यांच्या विधिमंडळांचे नियम ज्याचे त्याचे. अलास्काने परराज्यातल्या पैशावर मर्यादा घातली होती, ती २०१८ मध्ये अपील कोर्टाने रद्द केली. बाहेरच्या पैशाने आमदार आपल्या मतदारांना विसरेल ही भीती मला अगदीच खोटी वाटत नाही, पण हा पैसा निवडून आणतोच असंही नाही. २०२० मध्ये साउथ कॅरोलायनात जेमी हॅरिसन यांनी सिनेटसाठी १० कोटी डॉलरच्या वर जमवले, त्यात देशभरातून आलेले भरपूर. तरी त्यांचे प्रतिस्पर्धी लिंडसे ग्रॅहम सुमारे दहा टक्क्यांनी जिंकले.

त्या ढिगात माझेही पंचवीस होते. तेव्हापासून ज्यांची नावं कधी ऐकली नाहीत असे उमेदवार मला ‘मैत्रिणी, आज रात्री बारापर्यंतच’ म्हणून मेसेज करतात, तेही ऐन जेवणाच्या वेळी. फॉर्मवर मोबाइलचा रकाना सक्तीचा नसेल, तर कोरा सोडा.