‘देवाने मला सांगितलं’ की ‘मला उमगलं’?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या बाप्टिस्ट मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बायबल अभ्यास असतो, त्याच्या इंग्रजी नोट्स त्या मराठीत करतायत. मध्यंतरी एका मुलाने साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगताना, म्हटलं की देवाने मला सांगितलं, इथली नोकरी सोड आणि पुण्याला जा, त्यावर पाळकसाहेब म्हणाले, शास्त्र (म्हणजे बायबल) पुरेसं आहे, नवीन प्रकटीकरण (देवाने स्वतःहून काही उघड करणं, इंग्रजीत revelation) आता होत नाही. मुलगा हिरमुसला. ताईंना ‘पुरेसं’ हा शब्द फार पातळ वाटतो आणि प्रकटीकरणाऐवजी साक्षात्कार किंवा दृष्टांत लिहावं का, असं त्या विचारतायत.

(ठाणेकरांसाठी एक, तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च कॅथलिक आहे, ते नाव बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं. इथे विषय 17व्या शतकात इंग्रज प्रोटेस्टंटांमधून निघालेल्या बाप्टिस्ट पंथाचा आहे.)

ताई, ‘पुरेसं’ बदलू नका. डब्यात भाजी पुरेशी आहे म्हटलं की जेमतेम भागेल असं वाटतं हे खरं, पण गणितात आपण ‘आवश्यक आणि पुरेशी अट’ म्हणतो तेव्हा पुरेशी म्हणजे तेवढी पाळली की वर काही लागतच नाही, आणि बाप्टिस्टांना हाच अर्थ हवाय. त्यांचा 1677 मध्ये लिहिलेला आणि 1689 मध्ये लंडनच्या सभेने मान्य केलेला विश्वासाचा जाहीरनामा आहे, त्यातला बराचसा मजकूर 1646 च्या वेस्टमिन्स्टर जाहीरनाम्यावरून (तो दुसऱ्या प्रोटेस्टंटांचा) घेतलाय पण शास्त्रावरच्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य बाप्टिस्टांनी स्वतः घातलंय, की तारणाचं (पापातून सुटकेचं) ज्ञान, विश्वास आणि आज्ञापालन यांच्यासाठी पवित्र शास्त्र हाच एकमेव पुरेसा, खात्रीचा आणि अचूक नियम. आता बघा, पुरेसं म्हटलं की मराठी माणूस लगेच विचारणार, कशाला पुरेसं? त्याचं उत्तर त्या वाक्यातच आहे. कुठल्या कंपनीत नोकरी करावी हे शास्त्रात सापडेल असं ते म्हणतच नाहीये. म्हणून नोट्समध्ये नुसतं ‘शास्त्र पुरेसं आहे’ असं सोडू नका, ‘तारणासाठी आणि देवाच्या इच्छेप्रमाणे जगण्यासाठी पुरेसं’ असं पूर्ण लिहा. ‘पर्याप्त’ चालेल, पण तो शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो.

साक्षात्कार आणि दृष्टांत मात्र इथे नकोत. हे शब्द आपल्याकडे भक्ताच्या वैयक्तिक अनुभवाचे आहेत, तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला, आजही कुणाला कुलदैवताचा दृष्टांत होतो, आणि तो ज्याला झाला त्याचा असतो, शेजाऱ्यावर तो बंधनकारक नसतो. प्रकटीकरणाचं तसं नाही. देवाने स्वतःला आणि स्वतःची इच्छा उघड केली, ती सगळ्यांसाठी, सगळ्यांवर बंधनकारक. म्हणूनच तो जाहीरनामा म्हणतो की प्रकट करण्याचे ते जुने मार्ग आता थांबले, शास्त्रात कधीही काही वाढवायचं नाही, आत्म्याच्या नव्या प्रकटीकरणाच्या नावानेही नाही आणि माणसांच्या परंपरांनीही नाही. पण त्याच प्रकरणात लगेच पुढे हेही आहे की वचन (बायबलमधला देवाचा शब्द) तारणदायी रीतीने समजायला पवित्र आत्म्याचा आतला प्रकाश लागतोच! हे वाक्य लोक वाचत नाहीत आणि मग बाप्टिस्टांचा देव मुका झाला असं बोललं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या आतल्या प्रकाशासाठी मराठीत किती सुंदर क्रियापदं आहेत! मला उमगलं, मला जाणवलं, मला सुचलं, मला पटलं. सगळीकडे ‘मला’. गोष्ट माझ्या ठायी घडली, ती समजण्यात माझी चूक असू शकते, एवढी जागा ते ‘मला’ ठेवतं. ‘देवाने सांगितलं’ म्हटलं की ‘ने’ने बोलण्याची सगळी जबाबदारी देवावर गेली, आता समोरचा काय बोलणार?

स्पर्जनचं उदाहरण घ्या, 19व्या शतकातला लंडनचा नावाजलेला बाप्टिस्ट उपदेशक, 1855 मध्ये हाच 1689 चा जाहीरनामा त्याने पुन्हा छापला. त्याने स्वतःच सांगितलंय की एकदा उपदेश करता करता तो एका माणसाकडे बोट दाखवून म्हणाला, हा चांभार रविवारी दुकान उघडं ठेवतो, गेल्या रविवारी नऊ पेन्स मिळाले, त्यात चार पेन्स नफा. ते तंतोतंत खरं निघालं. पण म्हणून त्यावरून त्याने कुठली नवी शिकवण काढली नाही, जाहीरनाम्याला पुरवणी जोडली नाही. देव प्रार्थनेतून, परिस्थितीतून, मंडळीच्या सल्ल्यातून बोलतो असं शिकवणारे अमेरिकेतले सदर्न बाप्टिस्टही आहेतच, फक्त ते सगळं वचनाशी ताडून बघायचं.

त्या मुलाला एवढंच सांगा की साक्ष रद्द करायची नाहीये, ‘वचन वाचताना आणि प्रार्थना करताना मला जाणवलं की पुण्याला जावं’ असं म्हण, मग मंडळीतल्या मोठ्यांना विचारता येईल, पगार किती, घरी आईकडे कोण बघणार, तिकडे मंडळी आहे का. आणि नोट्समध्ये प्रकटीकरण, आत्म्याचा प्रकाश आणि मार्गदर्शन (पुण्याला जावं का, अशा निर्णयांसाठीचं) हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठीच वापरा, एकाच्या जागी दुसरा घालू नका.