लॅबमधले जुने पीसी नेटवर्कवरून बूट करायचे आहेत, डीएचसीपी सर्व्हरमध्ये (मशीनना आयपी पत्ता देतो तो) काय लावावं?

‘पीएक्सई-ई५३, नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड’ येतं म्हणालात. पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट करायची सोय; म्हणजे आयपी मिळतोय, फाइलचं नाव तेवढं पोचत नाहीये. नेटवर्क कार्डातले बूट रॉम मेलेत असं सांगणाऱ्याला आधी दाराबाहेर काढा.

चोपड्याकडच्या एका कॉलेजची लॅब माझ्याकडे होती. पेंटियम ४ ची मशीनं, हार्ड डिस्क काढलेल्या, सगळं सर्व्हरवरून चालायचं. जुना डीएचसीपी सर्व्हर बदलून डीएनएसमास्क हे सॉफ्टवेअर टाकलं तर नवी मशीनं उठली, जुनी सगळी ई५३ वर अडून बसली. माझे साडू जळगावात कॉम्प्युटर विकतात. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला: भंगारात काढा, नवे घ्या. कोटेशन खिशातच होतं! लॅबमधला पोरगा मात्र म्हणे, ‘दादा, मशीन मरेल नही शे.’

मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून टीसीपीडम्प लावून नेटवर्कवरची पॅकेटं बघितली. डीएचसीपीच्या आधीच्या, १९८५ च्या बूटपीपासून पॅकेटच्या हेडरमध्ये फाइलच्या नावासाठी १२८ बाइटची वेगळी जागा आहे. क्लायंटने, म्हणजे बूट होणाऱ्या मशीनने, ऑप्शन ६७ (बूट फाइलचं नाव) मागितला की डीएनएसमास्क ते नाव हेडरमधून काढून ऑप्शनमध्ये टाकतं. आमचे रॉम ६७ मागायचे आणि बघायचे मात्र हेडरमध्येच. तिथे रिकामं. कॉन्फिगमध्ये ‘डीएचसीपी-नो-ओव्हरराइड’ ही एक ओळ टाकली आणि लॅब उठली. साडूंना कळवलं, तर म्हणाले, ‘किती दिवस?’ पुढे त्याच मशीनवर पोरांनी प्रॅक्टिकलच्या परीक्षा दिल्या, पण ते त्यांना आजही पटत नाही.

तुमच्याकडे डीएनएसमास्कऐवजी आयएससीचा डीएचसीपीडी असेल तर नुसते ऑप्शन ६६-६७ (सर्व्हर आणि फाइलचं नाव) भरू नका, ‘नेक्स्ट-सर्व्हर’ आणि ‘फाइलनेम’ लिहा. बूट फाइल पाठवणाऱ्या टीएफटीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये फाइलच्या नावाला शेपटी लागलेली दिसली, तर ६७ च्या शेवटी नल बाइट (शून्य किमतीचा बाइट) द्या.

हां, लॅबमध्ये बायॉसऐवजी यूईएफआय असलेली नवी मशीनंही असतील तर सगळ्यांना एकच फाइल चालणार नाही. मशीनचा प्रकार सांगणारा ऑप्शन ९३ बघा, ० म्हणजे जुनं बायॉस. अगदी जुना, निव्वळ बूटपीवाला क्लायंट असेल तर डीएनएसमास्कमध्ये ‘बूटपी-डायनॅमिक’ लागेल. पण तो आयपी कायमचा अडकतो, त्यापेक्षा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावर आयपी बांधून द्या. आणि राउटरमधला डीएचसीपी बंद करा. ‘राहू द्या, काही होत नाही’ म्हणणारा दुकानदार तुमच्याकडेही असेलच.