शहर आखण्याआधी धान्य मोजा

रोल-प्लेइंग गेमसाठी, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळासाठी, जुन्या काळातलं काल्पनिक शहर रचताना नकाशावर तटबंदी काढायची घाई करू नका. आधी लोकसंख्या ठरवा आणि तिचं पोट कसं भरतं ते पाहा. समजा, शहरात 10,000 माणसं आहेत. माणशी वर्षाला 200 ते 250 किलो धान्य धरलं, तर रोज साडेपाच ते सात टन लागतं. बैलगाडीत अर्धा टन मावतो असं मानलं, तर दररोज 11-14 गाड्या वेशीतून आत यायला हव्यात. दूरवरून गाडीने आणलेलं धान्य परवडत नाही, म्हणून मोठं शहर नदीकाठी किंवा बंदरावर ठेवा. वाळवंटाच्या मधोमध राजधानी हवीच असेल, तर जादूने धान्य कोण पुरवतं, हे आधी ठरवा. खरी सत्ता त्याच्याच हाती असणार.

यंत्रयुगापूर्वी दहांतले आठ-नऊ जण शेतीवर जगत. म्हणजे या शहरामागे चाळीस ते नव्वद हजार गावकरी हवेत. नवे गेम मास्टर, म्हणजे खेळाचं जग रचून खेळ चालवणारे, हेच विसरतात आणि शहर ओसाड रानात उभं राहतं.

दाटीचं गणित सोपं आहे: हेक्टरी 200 माणसं धरली की 50 हेक्टर, म्हणजे जेमतेम 800 मीटर रुंद. दहा मिनिटांत आरपार!

जुन्या मोठ्या शहरांत अनेकदा जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. गावांतून येणाऱ्यांवरच ती टिकत. त्यामुळे एल्फ, ड्वार्फ अशा काल्पनिक जमातींची टक्केवारी लिहून थांबू नका. कोण कधी आलं, कुठल्या वेशीजवळ वसलं, कोणता धंदा धरला, एवढं प्रत्येक वस्तीसाठी लिहा. सगळ्या दुकानांची यादी मात्र नको. खेळाडू जातील तेवढीच पुरे.