ड्राफ्टमध्ये नाव आलं, पुढे काय?

प्रश्न : अमेरिकेत कॉलेजचं पहिलं वर्ष संपताच खेळाडू एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ दोन फेऱ्यांत क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यासाठी, नाव देतात आणि महिन्याभरात काढूनही घेतात. हे कसं चालतं?

उत्तर : ड्राफ्टच्या वर्षात वयाची १९ वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि अमेरिकी खेळाडूला शाळा सोडून किमान एक वर्ष झालेलं हवं. २००६च्या ड्राफ्टपासून हा नियम आहे. लेब्रॉन जेम्स त्याआधी शाळेतूनच थेट आला. कॉलेजची चार वर्षं खेळलेला आपोआप पात्र ठरतो, बाकीच्यांना अर्ज करावा लागतो. अर्जानंतर संघ चाचणीला बोलावतात, शिकागोच्या कम्बाइन या सामूहिक चाचणी शिबिरात अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उडी आणि वेग मोजला जातो. कितव्या फेरीत निवड होईल, याचा अंदाजही एनबीएच्या समितीकडून मागवता येतो.

घोळ होतो तो तारखांचा. नाव मागे घ्यायच्या मुदती दोन आहेत. कॉलेज-क्रीडा संघटना एनसीएएची मुदत कम्बाइननंतर १० दिवसांनी संपते, एनबीएची ड्राफ्टच्या १० दिवस आधी. पहिली चुकवून दुसरी गाठली, तर ड्राफ्टमधून नाव निघतं. पण कॉलेज संघाचं दार बंद झालेलं असतं. पहिल्या फेरीची खात्री नसलेल्याने एनसीएएची तारीख हीच शेवटची मानावी. २०२१पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, त्यामुळे आणखी एक वर्ष थांबणं पूर्वीइतकं महाग पडत नाही.

प्रश्न : दुसऱ्या फेरीत निवडलेले कितीतरी खेळाडू नंतर दिसतच नाहीत. का?

उत्तर : निवड म्हणजे करार नव्हे, म्हणून. पहिल्या फेरीतल्यांचा पगार क्रमांकानुसार ठरलेल्या तक्त्यातून येतो. पहिली दोन वर्षं हमीची, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत असा तक्ता नाही. संघाकडे फक्त खेळाडूचे हक्क येतात आणि हमी नसलेला करार हाती पडला, तर सराव शिबिरातूनच घरी जावं लागतं. संघात नियमित जागा १५, म्हणजे ३० संघांत मिळून ४५०. त्यांतल्या बहुतेक आधीच भरलेल्या असतात. भारताच्या सतनाम सिंगला २०१५मध्ये डॅलसच्या संघाने ५२व्या क्रमांकावर घेतलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उलट २०१४चा ४१वा निकोला योकिच पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बऱ्याच जणांना ‘टू-वे’ करार मिळतो. प्रत्येक संघाला असे तीन करता येतात. खेळाडू एनबीए आणि तिच्या खालची ‘जी लीग’ नावाची स्पर्धा यांत ये-जा करतो, एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी उपलब्ध असतो आणि करार बदलल्याशिवाय प्लेऑफ (नियमित हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) खेळू शकत नाही.

प्रश्न : कॉलेजात दर सामन्याला २५ गुण करणारे एनबीएत गेल्यावर थंड का पडतात?

उत्तर : कॉलेजात सगळं आक्रमण त्यांच्याभोवती रचलेलं असतं. एनबीएत तसे दोघे-तिघे संघात आधीच बसलेले असतात, त्यामुळे नवख्याच्या हाती चेंडू क्वचित येतो. पाच-सहा ड्रिबल केल्याशिवाय (चेंडू जमिनीवर आपटल्याशिवाय) ज्याला लय सापडत नाही, तो इथे अडतो. शिवाय शॉट क्लॉक (चेंडू मिळाल्यावर बास्केटकडे फेकायची मुदत) ३० सेकंदांऐवजी २४चं, सामना ४० मिनिटांऐवजी ४८चा आणि नियमित हंगाम ८२ सामन्यांचा.

समोरून तीन गुणांची रेषा कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएत २३ फूट ९ इंचांवर. कोपऱ्यात मात्र एनबीएची रेषा २२ फुटांवरच येते, फरक जेमतेम उरतो. म्हणून आमचा आग्रह असा, की सराव कोपऱ्यातून सुरू करावा : पास हातात येताच, ड्रिबल न करता नेम. उंच सेंटरची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्याची, अडचण वेगळी. कॉलेजात तो बचावासाठी बास्केटखाली ठाण मांडून उभा राहू शकतो. एनबीएत कुणाला हाताच्या अंतरावर न अडवता आतल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबला, तर समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळतो. ज्याचे पाय बाहेरपर्यंत पोचत नाहीत, त्याला प्रशिक्षक बसवून ठेवतात.

प्रश्न : ड्राफ्टमध्ये नावच आलं नाही तर?

उत्तर : विचिटा स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळलेल्या फ्रेड व्हॅनव्हलीटला २०१६मध्ये कुणीच घेतलं नाही. टोरोंटोच्या संघाने त्याला समर लीग या उन्हाळी स्पर्धेतून आणि शिबिरातून पारखलं, २०१९च्या विजेत्या संघात तो होता. निवड न झालेला खेळाडू कोणत्याही संघाशी बोलू शकतो, ही मोठी सोय आहे. म्हणूनच पन्नाशीच्या पुढच्या क्रमांकांवर काही एजंट संघांना ‘याला घेऊ नका’ असं स्वतःहून सांगतात आणि आपला खेळाडू ज्या जागी खेळतो तिथे माणूस कमी असलेला संघ शोधतात.