वाचकांचे प्रश्न: नक्षी शाबूत, तरी ट्रेलरचा टायर का फुटला?

प्रश्न: आमचा दोन अ‍ॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. मागच्या प्रवासात हायवेवर उजवीकडचा मागचा टायर फुटला, मडगार्ड गेलं, खालची वायरिंग तुटली. नक्षी तर अगदी नव्यासारखी होती. ओळखीचे सांगतात, उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून थोडी कमीच भरा. बरोबर आहे का हे?

उत्तर: नाही, आणि कृपा करून हा सल्ला पाळू नका, कारण ट्रेलरचे बरेचसे टायर याच समजुतीपायी जातात. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, चाकाच्या प्रत्येक फेरीला त्याची बाजू वाकते आणि परत सरळ होते, हायवेच्या वेगाला मिनिटाला शेकडो वेळा, आणि या वाकण्यानेच रबर आतून तापत जातं, मग आतले थर सुटायला लागतात आणि एका क्षणी टायर फुटतो. प्रेशर नेहमी टायर थंड असताना तपासा, म्हणजे सकाळी निघण्याआधी. चालताना ते वाढणारच, ते कंपनीने धरलेलं असतं, म्हणून वाटेत थांबून गरम टायरमधली हवा अजिबात काढू नका.

आता वजन. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा, पाणी, सिलिंडर, सगळं सामान भरून वजनकाट्यावर न्या, आणि जमलं तर प्रत्येक चाकाचं वजन वेगळं घ्या, कारण फ्रीज आणि कपाटं ज्या बाजूला ती बाजू बऱ्याचदा जड निघते आणि एकूण वजन बघून ते कळतच नाही. उदाहरण म्हणून एसटी (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) २२५/७५ आर १५ या मापाचा टायर घ्या. लोड रेंज, म्हणजे भार पेलण्याची श्रेणी, डी असेल तर ६५ पीएसआयला एक टायर ११५० किलो पेलतो, ई असेल तर ८० पीएसआयला १२८५ किलो. पण तेवढी हवा असेल तरच हं! मी तर वजन काठोकाठ भरूच नका म्हणेन, थोडी क्षमता शिल्लक राहू द्या. ई घालणार असाल तर रिम आणि वॉल्व्हही ८० पीएसआयचे आहेत ना, ते बघा.

नक्षीवर जाऊ नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की मी बदलायलाच सांगतो, कितीही छान दिसू देत.

वेगाचंही तसंच, वेगळी खूण नसेल तर पुष्कळ एसटी टायर ताशी १०५ किमीपर्यंतचेच असतात, पुढची गाडी सहज त्याहून जोरात पळते म्हणून ट्रेलरने पळायचं नसतं.

तुमच्या बाबतीत अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मागचा फुटला तेव्हा त्याच बाजूच्या पुढच्या टायरने काही वेळ जवळजवळ दुप्पट भार घेतलाय. बाहेरून धड दिसला तरी तोही बदलून टाका. टायर प्रेशरचे सेन्सर प्रत्येक वॉल्व्हला लावून घ्या, हळूहळू हवा जात असेल तर गाडीत बसल्याबसल्या कळतं. आणि स्टेपनीची हवा आणि तारीखही बघा, ती सहसा कोणी बघतच नाही.